फोन बुडवला तरी कोरडा: थ्रीएमने बंद केलेला द्रव आणि त्याची जागा घेऊ पाहणारे

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये गेलो होतो. लॉबीच्या कोपऱ्यात एका वेंडरने डेमोसाठी काचेची टाकी मांडली होती. आत एक आख्खा मदरबोर्ड बुडालेला, तोही चालू, आणि प्रोसेसरवरून सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे वर येत होते. मी टक लावून बघतोय हे पाहून त्या माणसाने खिशातून स्वतःचा फोन काढला आणि सरळ टाकीत सोडला. पाचेक सेकंदांनी काढला, एकदा झटकला आणि माझ्या हातात दिला. फोन चालू होता हे ठीक आहे, हल्ली सगळेच फोन पाण्यात तग धरतात. मला वेगळंच काहीतरी खटकलं. फोन कोरडा होता. पुसलेला नाही, आपोआप कोरडा.

मी विचारलं, "हे आहे काय?" तो म्हणाला, "सर, इंजिनिअर्ड फ्लुइड." मग विचारलं, "लिटरला किती?" त्यावर तो हसला आणि ब्रोशर दिलं. ब्रोशरमध्ये किंमत नव्हती.

हा द्रव थ्रीएम या अमेरिकन कंपनीचा होता. तीच थ्रीएम जिचे स्कॉच टेप आणि पोस्ट-इट आपल्या टेबलावर असतात. २० डिसेंबर २०२२ ला थ्रीएमने जाहीर केलं की पीफास गटातल्या सगळ्या रसायनांचं उत्पादन २०२५ अखेरपर्यंत बंद करणार. त्या यादीत फ्लोरिनर्ट आणि नोव्हेक ही दोन्ही नावं होती. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं चिप कारखान्यांपासून सुपरकॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांनी गृहीत धरलेला एक द्रव त्याच्या मूळ कंपनीकडून मिळणं बंद झालं. नेमकं अशा वेळी, जेव्हा एआयच्या सर्व्हरमधून निघणारी उष्णता कशी बाहेर काढायची हा या धंद्यातला सगळ्यात महागडा प्रश्न झालाय.

बातम्यांमध्ये हे सगळं तुकड्यातुकड्यांनी येतं. एकीकडे "फॉरेव्हर केमिकल्स", दुसरीकडे "इमर्शन कूलिंग", तिसरीकडे रत्नागिरीतल्या लोटे परशुरामची बातमी. या तिन्ही गोष्टी एकाच रसायनशास्त्रातून निघतात, म्हणून आधी तिथूनच सुरुवात करू.

सगळ्यांशी अबोला धरणारा रेणू

पेट्रोलमध्ये असतो तो हेक्झेन घ्या. सहा कार्बनची साखळी, तिला चौदा हायड्रोजन चिकटलेले. आता हे चौदाही हायड्रोजन काढून त्या जागी फ्लोरिन बसवा. तयार झालं परफ्लोरोहेक्झेन, म्हणजेच थ्रीएमचं एफसी-७२.

हेक्झेनला काडी लावली तर भडका उडतो. एफसी-७२ पेटतच नाही. कार्बन आणि फ्लोरिनमधला बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सगळ्यात मजबूत बंधांपैकी एक आहे, साधारण ४८५ किलोज्यूल प्रति मोल. त्यात फ्लोरिनचे अणू कार्बनच्या साखळीभोवती चिलखतासारखे बसतात. बाहेरून कोणी येऊन कार्बनला हात लावेल अशी फटच राहत नाही.

पण मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती उत्कलनबिंदूची. हेक्झेनचं रेणुभार ८६, आणि ते ६९ अंश सेल्सिअसला उकळतं. एफसी-७२ चं रेणुभार ३३८, म्हणजे जवळपास चौपट. शाळेत शिकलेल्या हिशोबाने ते कितीतरी जास्त तापमानाला उकळायला हवं. प्रत्यक्षात ते ५६ अंशांनाच उकळतं! कारण फ्लोरिन आपले इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरून बसतो की शेजारच्या रेणूशी ओढाताणच होत नाही. हे रेणू एकमेकांनासुद्धा फारसे धरून राहत नाहीत, मग इतरांचं काय. पाण्यात मिसळत नाहीत, तेलातही मिसळत नाहीत. एका काचेच्या नळीत पाणी, तेल आणि एफसी-७२ ओतलं तर तीन वेगळे थर दिसतात, आणि सगळ्यात खाली हे महाशय, कारण घनता पाण्याच्या पावणेदोनपट.

फोन कोरडा का, तेही यातच आलं. या द्रवाचा पृष्ठताण पाण्याच्या सातव्या भागाइतका. तो सगळीकडे पसरतो, बारीकातल्या बारीक फटीत शिरतो आणि बाहेर काढल्यावर काही क्षणांत उडून जातो. मागे ना डाग, ना चिकटपणा.

विजेच्या बाबतीतही तोच अबोला. एक दशांश इंचाच्या फटीत एफसी-७२ भरलं तर साधारण ३८ हजार व्होल्टपर्यंत ठिणगी पडत नाही. तेवढ्याच फटीत हवा असेल तर सात-आठ हजारांतच पडते.

मग हा उष्णता नेतो तरी कशी?

इथे अनेक लेखांमध्ये गडबड होते. "पाण्यापेक्षा भारी कूलंट" असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. उष्णतेचा वाहक म्हणून हा द्रव पाण्यापुढे अगदीच कच्चा आहे. उष्णता-वाहकता पाण्याच्या दहाव्या भागाइतकी आणि विशिष्ट उष्मा पाण्याच्या चौथ्या भागाच्या आसपास.

आकडे मांडून बघू, म्हणजे भांडणच नको. एक लिटर हवा १० अंशांनी तापली तर साधारण १२ ज्यूल उष्णता घेऊन जाते. एक लिटर एफसी-७२ तेवढंच तापलं तर १८,५०० ज्यूल. एक लिटर पाणी, जवळपास ४२,००० ज्यूल. म्हणजे हवेच्या मानाने हा द्रव दीड हजारपट सरस, पण पाण्याच्या निम्म्याहून कमी.

आता त्याला उकळू द्या. एक लिटर एफसी-७२ ची पूर्ण वाफ व्हायला साधारण १,४८,००० ज्यूल लागतात. ही त्याची खरी जागा. चिप ७०-८० अंशांवर असते, द्रव ५६ ला उकळतो, वाफ वर जाते, टाकीच्या झाकणाखाली थंड पाण्याची नळी असते, तिच्यावर वाफ थिजून थेंब परत खाली पडतात. पंप नाही, पंखा नाही. आपल्याकडे भाताच्या कुकरच्या झाकणाला पाणी धरतं आणि परत भातात पडतं, तसंच. एक किलोवॅटची चिप अडीच मिनिटांत एक लिटर द्रव उकळवते आणि तोच लिटर फिरून फिरून वापरला जातो.

ऐकायला इतकं सुंदर आहे की कोणाही इंजिनिअरच्या तोंडाला पाणी सुटेल. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या क्विन्सीच्या डेटा सेंटरमध्ये असे सर्व्हर प्रत्यक्ष कामाला लावले तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तो व्हिडिओ किमान पाच जणांनी टाकला असेल.

पण एक मेख आहे. द्रव उकळण्यालाही मर्यादा असते. पृष्ठभाग खूपच तापला की बुडबुडे एकमेकांना जोडून वाफेची चादर तयार होते आणि द्रव चिपला टेकतच नाही. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो, उडत नाही, ते हेच. साध्या सपाट पृष्ठभागावर एफसी-७२ ची ही मर्यादा एका चौरस सेंटिमीटरला १५ ते २० वॅटच्या आसपास येते. आणि एनव्हिडियाची एच१०० चिप? ८१४ चौरस मिलिमीटरमध्ये ७०० वॅट. भागाकार करा: चौरस सेंटिमीटरला ८६ वॅट. म्हणजे चिप नुसती बुडवून भागत नाही, तिच्यावर सच्छिद्र थर दिलेली तांब्याची मोठी प्लेट बसवावी लागते, जेणेकरून उष्णता पसरेल आणि बुडबुडे सुटायला जागा मिळेल. पुढच्या पिढीच्या चिप्स एक हजार वॅटच्या वर गेल्यात. मेख वर्षागणिक खोल रुततेय.

बॉम्बपासून उंदरापर्यंत

या द्रवाचा जन्म फारसा निरागस नाही. पेन्सिल्व्हेनियात जोसेफ सायमन्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ फ्लोरिनवर काम करत होते. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळं करायचं तर युरेनियम हेक्झाफ्लोराइड वायू हाताळावा लागे, आणि हा वायू ग्रीस, तेल, सील, जे दिसेल ते खाऊन टाकायचा. त्याला दाद न देणारा द्रव सायमन्सकडे होता. अगदी छोटासा नमुना. प्रकल्पातले लोक त्याला "जोज स्टफ", म्हणजे "जोचा माल" म्हणत. पुढे सायमन्सनी हायड्रोजन फ्लोराइडमध्ये वीज सोडून एका फटक्यात सगळे हायड्रोजन बदलायची पद्धत काढली, तिचे हक्क थ्रीएमने घेतले आणि त्यातून हे सगळं कुटुंब वाढलं.

१९६६ मध्ये लेलँड क्लार्क आणि फ्रँक गोलन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापला. त्यांनी उंदीर आख्खा फ्लोरोकार्बन द्रवात बुडवला आणि उंदीर श्वास घेत राहिला. कारण रेणूंची एकमेकांवरची पकड ढिली असल्याने मध्ये वायूंना भरपूर जागा असते. १०० मिलिलिटर द्रवात ४०-५० मिलिलिटर ऑक्सिजन विरघळू शकतो, पाण्यात जेमतेम तीन. हे क्लार्क म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजायचं इलेक्ट्रोड शोधणारे. आज घरोघरी असलेल्या शुगर मोजायच्या मशीनचं मूळही त्यांच्याच कामात आहे. प्रयोगात ऑक्सिजन छान मिळायचा, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकताना फुफ्फुसांची दमछाक व्हायची आणि त्यांना इजाही व्हायची. 'द अ‍ॅबिस' या १९८९ च्या सिनेमात उंदीर बुडवायचा सीन आहे, त्याचं मूळ हेच. त्याच वर्षी फ्लूओसोल नावाचं, रक्तासारखा ऑक्सिजन वाहून नेणारं फ्लोरोकार्बनचं औषध अमेरिकेत मंजूर झालं, तेही फक्त अँजिओप्लास्टीच्या वेळी वापरायला. १९९४ मध्ये ते बाजारातून गेलं.

टिकला तो डोळ्यांच्या ऑपरेशनमधला उपयोग. दृष्टिपटल सुटलं की सर्जन डोळ्यात परफ्लोरो-ऑक्टेनचे काही थेंब सोडतात. द्रव जड असल्याने तो पडदा अलगद खाली दाबून बसवतो, आणि ऑपरेशन संपताना काढून घेतात.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी मोठा क्षण १९८५ चा. सेमूर क्रे यांचा क्रे-२. या मशीनची सर्किट बोर्डं इतकी दाटीवाटीने रचली होती की हवा खेळवायला जागाच नव्हती, म्हणून सगळं मशीनच फ्लोरिनर्टमध्ये बुडवलं. शेजारी काचेच्या उंच नळकांड्यांमध्ये द्रव धबधब्यासारखा दिसायचा. लोकांनी मशीनचं नाव ठेवलं "बबल्स". (जाता जाता: त्याच काळात भारताला हवा असलेला क्रे अमेरिकेने दिला नाही, त्यापेक्षा खालचा दिला, आणि त्या चिडीतून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं. ती गोष्ट वेगळ्या लेखाची.)

पण प्रमाण बघितलं तर सगळ्यात जास्त गरज चिप कारखान्यांना होती, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. सिलिकॉन वेफरवर प्लाझ्माने नक्षी कोरताना वेफर ज्या बैठकीवर ठेवतात तिच्यावर उच्च व्होल्टेज असतं आणि तिचं तापमान अंशाच्या भागापर्यंत स्थिर लागतं. त्या बैठकीतून पाणी फिरवता येत नाही, वीज पसरेल. तेल फिरवलं आणि एक थेंब गळला तर क्लीनरूमचे तीनतेरा. असा एकच द्रव होता जो वीज वाहत नाही, पेटत नाही आणि गळला तर उडून जातो.

दोन छोटे उपयोग सांगायचा मोह होतोय. अवकाश आणि लष्करी वापराच्या चिप्सची सीलबंद पेटी गळते का हे तपासायला ती आधी दाबाखाली एफसी-७२ मध्ये ठेवतात, मग १२५ अंशांवरच्या एफसी-४० मध्ये बुडवतात. एफसी-४० उकळतं १६५ ला, त्यामुळे ते शांत. पण पेटीच्या फटीतून आत शिरलेलं एफसी-७२ लगेच उकळतं आणि बुडबुडे बाहेर येतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघतो, सेम तेच. दुसरा उपयोग सोल्डरिंगचा. २१५ ते २३० अंशांना उकळणाऱ्या द्रवाच्या वाफेत सर्किट बोर्ड धरला की सोल्डर वितळतं, पण बोर्डचं तापमान त्या आकड्याच्या वर जाऊच शकत नाही.

अबोल्याची किंमत

आता इतकं कौतुक झाल्यावर अडचण काय? अडचण तीच, जिचं कौतुक केलं.

जे कशाशीच अभिक्रिया करत नाही, ते निसर्गातही कशाशी करत नाही. वातावरणात गेलेलं परफ्लोरोहेक्झेन ना पावसात विरघळतं, ना हवेतल्या रसायनांनी तुटतं. त्याचं आयुष्य साधारण ३,००० वर्षं धरलं जातं. आणि कार्बन-फ्लोरिनचा बंध नेमकी तीच अवरक्त किरणं शोषतो जी पृथ्वीवरून बाहेर पडायला हवीत. आयपीसीसीच्या चौथ्या अहवालात शंभर वर्षांच्या हिशोबाने त्याचा तापमानवाढीचा आकडा ९,३०० आहे. म्हणजे एक किलो उडालं की नऊ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. मला त्या वेंडरने झटकलेला फोन आठवतो. "बघा, कसं उडून गेलं!" तो म्हणाला होता.

थ्रीएमला हे माहीत होतं, म्हणूनच नोव्हेक आलं. नोव्हेक ६४९ हा फ्लोरोकीटोन सूर्यप्रकाशात काही दिवसांत तुटतो, तापमानवाढीचा आकडा एकच्या आसपास. प्रश्न सुटला असं वाटलं. पण तुटून काय होतं? ट्रायफ्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल. ते पावसाबरोबर खाली येतं, आणि ते मात्र तुटत नाही. घरातला कचरा गॅलरीतून खाली टाकावा तसं झालं.

"निष्क्रिय" हा शब्दही जरा जपून वापरायला हवा. हे द्रव त्यांच्या मर्यादेच्या वर फार तापवले तर तुटतात आणि त्यातून परफ्लोरोआयसोब्युटिलीनसारखा अतिविषारी वायू निघू शकतो, जो रासायनिक शस्त्रास्त्रबंदी कराराच्या यादीत आहे. आणि शुद्धतेचा मुद्दा तर आणखी गंभीर. २०१५ मध्ये स्पेनमध्ये डोळ्यांच्या ऑपरेशनला वापरलेल्या परफ्लोरो-ऑक्टेनच्या काही बॅचमुळे अनेक रुग्णांची दृष्टी गेली. रेणू निर्दोष होता. त्याच्यासोबत राहिलेली अशुद्ध रसायनं विषारी होती.

हाच मुद्दा कारखान्याच्या पातळीवर मोठा होतो. इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण बातम्यांमध्ये तो हमखास पुसला जातो. पीफास ही हजारो रसायनांची जमात आहे. ओईसीडीच्या २०२१ च्या व्याख्येप्रमाणे ज्यात एक जरी पूर्ण फ्लोरिनयुक्त कार्बन असेल ते पीफास. त्यात टेफ्लॉनही आलं, एफसी-७२ ही आलं आणि पीएफओए, पीएफओएस हेही आले. पण एफसी-७२ पाण्यात विरघळत नाही, ते हवेचा प्रश्न आहे. पीएफओए पाण्यात विरघळतं, रक्तात साठतं, कर्करोगाशी जोडलं गेलंय. तो विहिरीचा आणि नळाचा प्रश्न आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओएची मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम ठरवली. दोघांना एकाच मापाने तोलणं चूक. पण दोघांचं मूळ रसायनशास्त्र एकच, अनेकदा कारखान्याचं आवारही एकच, हे विसरणंही चूक.

बेल्जियममधलं उदाहरण बघा. अँटवर्पजवळ झ्विंड्रेख्तला थ्रीएमचा कारखाना होता. २०२१ मध्ये तिथल्या रिंगरोडच्या खोदकामाच्या निमित्ताने आसपासच्या मातीतलं पीफास चव्हाट्यावर आलं. सरकारने उत्पादन थांबवायला लावलं, २०२२ च्या सुरुवातीला जगभरच्या चिप कारखान्यांत घबराट पसरली, कारण त्या वेळच्या बातम्यांप्रमाणे जगातला चिप उद्योगाचा बहुतांश कूलंट या एका ठिकाणाहून जात होता. थ्रीएमने तिथल्या प्रादेशिक सरकारशी ५७ कोटी १० लाख युरोंचा समझोता केला. अमेरिकेत पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांशी २०२३ मध्ये झालेला समझोता १०.३ अब्ज डॉलरचा. हे आकडे बघितले की थ्रीएमने हा धंदा का सोडला हे समजायला पर्यावरणप्रेमी असायची गरज नाही, साधा बॅलन्सशीट पुरे.

मग आता डेटा सेंटर काय करतात?

सोपं उत्तर: बहुतेकांनी हा रस्ता सोडला. एआयच्या सर्व्हरसाठी आज मुख्य प्रवाहात आहे ती कोल्ड प्लेट. चिपवर तांब्याची पोकळ प्लेट, तिच्या आतल्या केसाएवढ्या खाचांतून पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण फिरतं. एनव्हिडियाच्या ७२ चिप्सच्या रॅकला १२० किलोवॅटच्या आसपास वीज लागते आणि तो अशाच पद्धतीने थंड होतो. पाणी विजेजवळ नेण्याचा धोका आहे, गळतीचे सेन्सर लावावे लागतात, पण पाणी स्वस्त आहे आणि वर म्हटल्याप्रमाणे उष्णता नेण्यात त्याला तोड नाही.

ज्यांना बुडवायचंच आहे ते तेलाकडे वळले, कृत्रिम हायड्रोकार्बन तेल. यात उकळणं नाही, नुसतं फिरवणं. किंमत कमी, फ्लोरिन नाही. तोटे मात्र रोजचे. एक रॅम स्टिक बदलायची तर सर्व्हर टाकीतून उचला, निथळू द्या, पुसा, हातमोजे फेका. केबलचं प्लास्टिक काही तेलांत फुगतं. डायइलेक्ट्रिक स्थिरांक हवेपेक्षा दुप्पट, त्यामुळे खूप वेगवान सिग्नलच्या कनेक्टरचं गणित बदलतं. फ्लोरिनर्टचा हाच आकडा १.७५ च्या आसपास होता. सध्या फ्लोरिनर्टची आठवण जास्त कोणाला येते, तर मेंटेनन्सवाल्यांना.

तरीही उकळणारा द्रव पूर्ण मेलेला नाही, आणि इथे आपल्याकडचा धागा जुळतो. मे २०२५ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या नवीन फ्लोरिन कंपनीने अमेरिकेच्या केमूर्सशी करार जाहीर केला: दोन-अवस्था इमर्शन कूलिंगसाठीचा ऑप्टिऑन नावाचा द्रव सुरतला बनवायचा. या रेणूत मुद्दाम एक दुहेरी बंध ठेवलेला असतो, म्हणजे हवेत गेला तर लवकर तुटावा. तापमानवाढीचा आकडा फ्लोरिनर्टच्या मानाने नगण्य. पण ओईसीडीची व्याख्या लावली तर हाही पीफासच. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी २०२३ मध्ये युरोपात सगळ्याच पीफासवर बंदीचा प्रस्ताव मांडलाय. म्हणून युरोपातले ग्राहक असा द्रव विकत घेताना दहा वर्षांनी टाकीचं काय करायचं, हा विचार करणारच.

लोटे

दुसरा धागा कोकणातला, आणि तो जास्त काळजीचा.

इटलीत विचेन्त्साजवळ त्रिस्सीनो गावात मितेनी नावाचा कारखाना होता. सायमन्सची तीच वीज सोडायची पद्धत तिथे वापरली जायची, पीएफओएही बनायचं. २०१३ मध्ये लक्षात आलं की तिथलं भूजल दूषित झालंय. जवळपास साडेतीन लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये विचेन्त्साच्या न्यायालयाने या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या.

त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली. ती घेतली लक्ष्मी ऑरगॅनिक या आपल्याकडच्या कंपनीने, आणि ती आली लोटे परशुराम एमआयडीसीत. मुंबई-गोवा हायवेवर चिपळूणच्या अलीकडे, जिथे गाडीच्या काचा वर कराव्या लागतात, तिथे. विचेन्त्साच्या निकालाचा या कंपनीशी संबंध नाही, आणि जुनं यंत्र विकत घेणं हा गुन्हाही नाही. यंत्र तेच असलं म्हणून सांडपाण्याची व्यवस्था तशीच असेल असंही नाही. पण विचेन्त्साच्या लोकांना जे कळायला अनेक दशकं लागली, ते लोट्यात कळायला किती लागतील, हा प्रश्न विचारायला हवा. लोट्याच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार फ्लोरिन यायच्या कितीतरी आधीपासून तक्रार करत आलेत.

आणि इथे माझ्यातला सॉफ्टवेअरवाला अस्वस्थ होतो. जे मोजलंच जात नाही त्याचा अलर्ट येणार कसा? पिण्याच्या पाण्यासाठीच्या आपल्या आयएस १०५०० या मानकात पीफाससाठी मर्यादा नाही. मर्यादा नाही म्हणून नियमित तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून "कुठे काही आढळलं नाही" असं म्हणता येतं, तेही खोटं न बोलता. कारखाना सुरू व्हायच्या आधीचं रीडिंग नसेल तर पुढे काही सापडलं तरी ते कोणाचं हे सिद्ध करायला कोर्टात वर्षं जातात. लिटरला काही नॅनोग्रॅम मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, पण ते भारतात आहेत, मुंबई-पुण्यातही आहेत. परिसरातल्या वीस-पंचवीस विहिरी आणि बोअरवेलचे नमुने वर्षातून दोनदा तपासून निकाल वेबसाइटवर टाकायचा खर्च एका एआय रॅकच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

देशातल्या डेटा सेंटर क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई-नवी मुंबईत आहे. तिथल्या टाक्यांत काय ओतलं जातंय, वर्षाला किती लिटर "टॉप-अप" लागतंय, हे टेंडरमध्ये लिहून मागता येतं. टॉप-अप म्हणजे काय, तर गळून हवेत गेलेला द्रव, दुसरं काही नाही. आमच्या टीमने गेल्या वेळी हा रकाना घातला तेव्हा तीन वेंडरपैकी एकानेच आकडा भरला. बाकी दोघांनी लिहिलं: "नगण्य".

महापेच्या लॉबीतली ती काचेची टाकी आता तिथे नाही. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा त्या जागी कोल्ड प्लेटचं कटिंग केलेलं मॉडेल होतं आणि माणूस तोच होता. त्याने मला ओळखलं नाही. मी विचारलं, त्या टाकीतल्या द्रवाचं पुढे काय केलंत? तो म्हणाला, "सर, थोडंच उरलं होतं. बरंचसं आपोआप उडालं."